हेल्मेटमधला श्वास, चष्म्यावरची वाफ

पावसाळ्यात सकाळी सहा-सातच्या सुमारास शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या रस्त्यांवर दुचाकीवर कोण कोण दिसतं? आसनगाव, आटगाव किंवा खर्डीला गाडी लावून लोकल पकडणारे नोकरदार. डोळखांब-किन्हवलीकडच्या वाड्यापाड्यांवर शाळा उघडायला निघालेले शिक्षक. आरोग्य उपकेंद्रातल्या परिचारिका, दुधाचे कॅन लावलेले दूधवाले, मुरबाडच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला चाललेले कामगार. मुरबाडला रेल्वे नाही आणि एसटी प्रत्येक पाड्यापर्यंत पोचत नाही. दुचाकी इथे गरजेपोटी चालवली जाते. यातल्या ज्यांना चष्मा आहे त्यांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज एकाच पेचाला तोंड द्यावं लागतं. हेल्मेटची काच खाली केली की चष्म्यावर वाफ धरते, आणि वर केली की पावसाचे थेंब थेट भिंगावर येतात.

ही गैरसोय वाटते तेवढी साधी नाही. वाहनाचा परवाना काढताना आपण शारीरिक क्षमतेचा जो अर्ज भरून देतो, त्यात एक प्रश्न असतो: स्वच्छ उजेडात 25 मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट तुम्हाला वाचता येते का, चष्मा असेल तर चष्म्यासह? ताशी 45 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ते 25 मीटर दोन सेकंदांत ओलांडते. भिंगं वाफेने भरली की अर्जात ‘हो’ म्हणून सही करणाऱ्या माणसाला दहा मीटरवरचा खड्डाही दिसत नाही. अशा वेळी पुष्कळजण चष्मा काढून खिशात टाकतात आणि अंदाजाने गाडी हाकतात. उणे दोन नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय अर्ध्या मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट दिसत नाही. उणे एक नंबर असेल तर ती मर्यादा एक मीटर. वाफ धरलेला चष्मा धोक्याचा आहे, आणि काढून ठेवलेला चष्माही तितकाच धोक्याचा.

मोटारवाल्यांना निदान पर्याय मिळाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाला आणि मोटारी आठ किलोमीटरच्या जवळपास लांबीच्या बोगद्यातून कसारा घाट टाळू लागल्या. समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. म्हणजे पाऊस, ढग आणि कंटेनर यांच्यातून घाट चढायचा तो दुचाकीवाल्याने. त्याला स्वच्छ दिसणं सगळ्यात जास्त गरजेचं आहे.

या अडचणीवर बाजारात फवारे, जेल, पुसण्याचे खास कपडे असं बरंच काही मिळतं. त्यातलं काही उपयोगीही आहे. पण पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. चष्म्यावर वाफ धरायला तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: हवेतला ओलावा, थंड भिंग आणि कोंडलेला श्वास. पावसाळ्यातला ओलावा आपल्याला कमी करता येत नाही, भिंग गरमही ठेवता येत नाही. श्वासाला मात्र वाट करून देता येते. बाकीचे सगळे उपाय त्यानंतरचे.

भिंगावर नेमकं काय घडतं

हवेत बाष्प मावण्याला मर्यादा असते आणि ती तापमानावर ठरते. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम बाष्प मावतं. 34 अंशांना ही मर्यादा साधारण 37 ग्रॅमपर्यंत जाते, तर 14 अंशांना जेमतेम 12 ग्रॅमपर्यंत खाली येते. हवा थंड होत गेली की एका ठरावीक तापमानाला तिच्यातलं बाष्प मावेनासं होतं आणि पाणी होऊन सुटू लागतं. या तापमानाला दवबिंदू म्हणतात. माठातलं गार पाणी तांब्यात काढलं की तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तो याच नियमाने.

आपला उच्छ्वास नाकातून बाहेर पडतो तेव्हा साधारण 34 अंशांचा आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. आषाढातल्या सकाळी बाहेरची हवा आणि वाऱ्याने गार झालेलं भिंग 25 अंशांच्या आसपास असतं. हा श्वास भिंगाला लागला की प्रत्येक घनमीटरमागे 14 ग्रॅम पाणी त्याला तिथेच सोडावं लागतं.

हा आकडा मोठा वाटतो, पण चष्मा आंधळा व्हायला फार थोडं पाणी लागतं. शांत बसलेला माणूस एका वेळी साधारण अर्धा लिटर हवा बाहेर टाकतो. तिच्यात अंदाजे 18 मिलिग्रॅम पाणी असतं. चष्म्याच्या एका भिंगाचं क्षेत्रफळ 15 चौरस सेंटिमीटर धरलं आणि त्यावर सरासरी एक मायक्रॉन जाडीचं पाणी साचलं असं मानलं, तर ते भरतं फक्त दीड मिलिग्रॅम. एका श्वासातल्या पाण्याचा दहावा भागदेखील एक भिंग धुरकट करायला पुरतो. म्हणूनच वाफ हळूहळू वाढत नाही, हेल्मेटची काच बंद केल्यावर दोन-तीन श्वासांतच समोरचं सगळं पांढरं होतं.

एवढ्याशा पाण्याने दिसणं बंद का व्हावं? कारण ते पाणी भिंगावर सलग पसरत नाही. त्याचे काही मायक्रॉन आकाराचे असंख्य थेंब होतात आणि प्रत्येक थेंब आपल्यावर पडलेला प्रकाश वेगळ्या दिशेला वळवतो. दिवसा त्यामुळे पांढरा पडदा दिसतो. रात्री परिस्थिती आणखी बिकट होते, कारण समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा प्रकाश भिंगभर पसरतो आणि त्या झगमगाटात रस्त्याची कड, कडेने चालणारा माणूस, बसलेली गुरं असं सगळंच हरवतं. सपाट, सलग पाण्याचा पातळ थर मात्र काचेसारखाच पारदर्शक असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, साबणाचा उपाय याच तत्त्वावर उभा आहे.

आषाढातली वाफ आणि पौषातली वाफ

मे महिन्यात भर दुपारी चष्म्यावर वाफ धरल्याचं कुणाला आठवत नाही. तापमान 38 अंश असेल तर भिंगही तेवढंच तापलेलं असतं, म्हणजे श्वासाच्या दवबिंदूपेक्षाही गरम. अशा भिंगावर थेट फुंकर मारली तरी पाणी साचत नाही.

आषाढ-श्रावणात चित्र उलटं होतं. शहापूर तालुक्याच्या ज्या डोंगरपट्ट्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत, आणि जिथून तानसा 1892 पासून मुंबईला पाणी देतो आहे, तिथली पावसाळी हवा बाष्पाने जवळपास भरलेलीच असते. समजा तापमान 25 अंश आणि आर्द्रता 95 टक्के आहे. तेव्हा एक घनमीटर हवेत अगोदरच 22 ग्रॅमच्या जवळपास बाष्प असतं आणि आणखी जेमतेम एक ग्रॅम मावू शकतं. हिशेब केला तर हेल्मेटमधल्या हवेत शंभरात सात भाग श्वास मिसळला तरी भिंगावर पाणी साचायला सुरुवात होते. शिवाय एकदा धरलेली वाफ लवकर उडत नाही, कारण ती घ्यायला बाहेरच्या हवेत जागाच नसते.

पौष-माघात वेगळा प्रकार असतो. जानेवारीत म्हशाच्या यात्रेला पहाटे निघालेल्यांना तो चांगला ठाऊक आहे. 14 अंशांच्या हवेत भिंग इतकं गार असतं की श्वास लागताक्षणी ते पांढरं होतं. पण थंडीतली हवा कोरडी असते, तिच्यात आणखी बाष्प घ्यायला जागा उरलेली असते, त्यामुळे काच थोडी उघडली की वाफ लवकर जाते, आणि ऊन वर आलं की प्रश्नच उरत नाही. थंडीतली वाफ पटकन येते आणि पटकन जाते. पावसाळ्यातली वाफ येते आणि ठाण मांडते. म्हणून पावसाळ्यात वाफ उडवण्याच्या मागे लागण्यापेक्षा ती धरूच न देणं जास्त शहाणपणाचं.

आधी बाजू तपासा

चष्मा धुरकट झाला की लोक सरसकट ‘वाफ धरली’ म्हणतात. पण पाणी भिंगाच्या कोणत्या बाजूला आहे, त्यावरून कारण आणि उपाय दोन्ही बदलतात. गाडी थांबवून बोटाचं टोक आधी भिंगाच्या कडेला आतून लावून पाहा, मग बाहेरून.

आतल्या बाजूला, म्हणजे डोळ्यांकडे, आणि मुख्यतः खालच्या कडेकडून वाफ चढत असेल तर ती श्वासाची. दोन्ही बाजूंना असेल तर श्वास बंद हेल्मेटमध्ये कोंडला आहे. फक्त बाहेरच्या बाजूला असेल तर तीन शक्यता आहेत. पहिली म्हणजे पावसाचे थेंब. दुसरी, घाटातला ढग. माळशेजला किंवा कसारा घाटात ढग रस्त्यावर उतरतो तेव्हा त्यातले तयार पाण्याचे कण वाऱ्यासोबत येऊन भिंगावर आदळतात. तिथे श्वासाचा काहीच संबंध नसतो आणि भिंग कितीही गरम असलं तरी ते ओलं होतंच. तिसरी शक्यता एसीची: बँकेतून किंवा एसी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर गार झालेल्या भिंगावर बाहेरची दमट हवा पाणी सोडते. ही वाफ एक-दोन मिनिटांत, भिंग बाहेरच्या हवेइतकं गरम झालं की आपोआप जाते. तेवढा वेळ किल्ली लावायची नाही, इतकाच त्यावर उपाय.

चेहऱ्याचा घाम हाही ओलाव्याचा एक स्रोत आहे. महामार्गावरच्या कोंडीत गाडी उभी राहते, हेल्मेटमधून वाहणारी हवा थांबते, कपाळ आणि गाल घामेजतात आणि चालत्या गाडीवर स्वच्छ असलेला चष्मा उभ्या गाडीवर धुरकटतो. कोंडीत उभं असताना काच पूर्ण वर करणं ही सवय प्रत्येक चष्मेवाल्याने लावून घ्यावी.

श्वासाला वाट

मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे हेल्मेट सक्तीचं आहे, आणि जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेली दुचाकीची हेल्मेट विकायला देशात बंदी आहे. तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट हनुवटी वाचवतं, म्हणून तेच घ्यावं. चष्मेवाल्याने घेताना मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, हनुवटीपाशी आणि डोक्यावर उघड-बंद करता येणारी हवेची भोकं आहेत का. दुसरी, नाकावर श्वास अडवणारी रबराची पट्टी आहे का. श्वास वर भिंगांकडे न जाता खाली वळावा यासाठी ती असते, आणि बऱ्याच हेल्मेटमध्ये ती काढता-घालता येते. तिसरी, चष्म्याच्या काड्या कानावरून सरळ आत जातात का. दुकानात स्वतःचा चष्मा लावून, हेल्मेट घालून, काच बंद करून चार-पाच श्वास घेऊन पाहा. दुकानदाराला त्यात गैर वाटण्यासारखं काही नाही.

डोक्यावरची भोकं पावसाळ्यात पाणी गळेल म्हणून बंद ठेवतात. मुसळधार पाऊस असेल तेव्हा ते ठीक आहे, पण हनुवटीपाशी असलेलं भोक उघडंच असायला हवं. तिथून आलेली हवा भिंगांसमोरून वर जाते आणि श्वासाचं प्रमाण त्या शंभरात सात भागांच्या खाली ठेवते. इथे आपला चेहराही मदतीला येतो. त्वचा 32-33 अंशांची असल्याने तिच्याजवळचं भिंग बाहेरच्या हवेपेक्षा थोडं गरम राहतं, आणि वाहती हवा पावसाळी असली तरी एवढ्या फरकावर भिंग कोरडं ठेवू शकते. वाहणं थांबलं की हा फायदा संपतो. हवा येत नाही म्हणून हेल्मेटला घरी ड्रिलने भोकं पाडण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. त्याने कवच कमकुवत होतं आणि ऐन वेळी डोकं वाचत नाही.

हेल्मेटच्या काचेला बहुतेक वेळा खाचा असतात. पहिल्या खाचेवर काच ठेवली की खालून बोटभर फट राहते. रिमझिम पावसात आणि चाळीसच्या आतल्या वेगाला एवढी फट पुष्कळ असते: हवा खेळते आणि थेंब फारसे आत येत नाहीत.

आता आपल्याकडच्या खास सवयींकडे वळू. नाकावर घट्ट बांधलेला रुमाल, स्कार्फ किंवा ओढणी हे वाफेचं सगळ्यात मोठं कारण असतं. कापडाने समोरची वाट बंद झाली की श्वास नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर चढतो आणि नेमका भिंगांच्या आतल्या बाजूला लागतो. 2020 मध्ये मास्क लावून हे सगळ्या महाराष्ट्राने अनुभवलं आहे. पावसाळ्यात धूळ नसते, त्यामुळे तोंड बांधायची फारशी गरजही नसते. बांधायचंच असेल तर गळा आणि हनुवटी झाका, नाक मोकळं सोडा. थंडीत नाक झाकावं लागलं तर कापडाची वरची कड चष्म्याच्या खाली घट्ट दाबून घ्या आणि खालची कड सैल सोडा, म्हणजे श्वास खाली पडेल.

रेनकोटचंही तसंच आहे. गळ्यापर्यंत चेन ओढून, वर टोपी चढवून त्यावर हेल्मेट घातलं की हेल्मेटची खालची वाट पूर्ण बुजते. हेल्मेटखाली रेनकोटची टोपी घालूच नये. त्याने हेल्मेट नीट बसत नाही आणि आजूबाजूचं ऐकूही कमी येतं. टोपी मागे सोडा, कॉलर हेल्मेटच्या कडेपासून थोडी खाली ठेवा.

श्वास घेण्याच्या पद्धतीनेही फरक पडतो. नाकातून सोडलेला श्वास खाली जातो, तोंडातून सोडलेला समोरच्या काचेवर आपटून वर फिरतो. मागे बसलेल्याशी बोलत जाणाऱ्याच्या चष्म्यावर लवकर वाफ धरते ती याचमुळे. घाट चढताना तोंड मिटून, नाकाने श्वास सोडत जा. चष्म्याची चौकट गालांना टेकत असेल तर चष्म्याच्या दुकानात नाकावरच्या गाद्या थोड्या वाकवून घ्या. भिंग आणि गाल यांच्यात दोन-तीन मिलिमीटर जागा वाढली तरी हवा जायला वाट होते. बरेच दुकानदार हे काम हातासरशी करून देतात.

साबणाचं काम

श्वासाला वाट करून दिल्यावरही थोडी वाफ राहतेच. तिथे साबण कामाला येतो.

पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून भिंगावर पाणी थेंबाच्या रूपात राहतं. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. साबणाचा अगदी पातळ थर भिंगावर असेल तर तो पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो. मग साचणारं पाणी थेंब न होता सपाट पसरतं. पाणी तेवढंच साचतं, पण पडदा धरत नाही. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात 2011 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी मास्कमुळे धुरकटणाऱ्या चष्म्यांसाठी हाच उपाय सुचवला गेला: चष्मा साबणाच्या पाण्याने धुवा, जास्तीचं पाणी झटका आणि हवेवर वाळू द्या.

आपल्याकडे पावसाळ्यात तो असा करावा. रात्री, दिवसभराची कामं आटोपल्यावर, चष्मा आधी साध्या नळाच्या पाण्याखाली धरा. रस्त्यावरच्या चिखलाचे बारीक कण भिंगावर असतात. कोरडं पुसलं तर तेच ओरखडे पाडतात, म्हणून आधी ते वाहून जाऊ द्या. मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही भिंगांच्या दोन्ही बाजूंना हलक्या हाताने चोळा. तेल किंवा क्रीम असलेला हात धुण्याचा साबण नको, त्याचा तेलकट थर राहतो. आता धुवून टाकण्याची घाई करू नका. फेस फक्त दोन-तीनदा झटकून काढा आणि चष्मा पंख्याखाली उभा ठेवा. सकाळी भिंगावर रेषा दिसल्या तर मऊ सुती कापडाने टिपून घ्या. घासून पुसलं तर साबणाचा थर निघून जातो आणि सगळी मेहनत फुकट जाते. आतल्या बाजूचा थर साधारण दिवसभर टिकतो. बाहेरचा पावसाने धुतला जातो, पण श्वासाची वाफ आत धरते, त्यामुळे काम भागतं.

हाच धडा अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला, म्हणजे नासाला, फार महाग पडला असता. 5 जून 1966 रोजी जेमिनी 9ए यानातून युजीन सर्नन अंतराळात चालायला बाहेर पडले. दोन तासांहून जास्त चाललेल्या त्या कामात अंगमेहनत इतकी झाली की पोशाखातली यंत्रणा त्यांच्या श्वासातला आणि घामाचा ओलावा काढू शकेना. हेल्मेटची काच आतून वाफेने भरली, त्यांना समोरचं दिसेना, आणि त्यांनी नाकाने घासून पाहण्यापुरती जागा साफ केली. उरलेलं काम सोडून त्यांना यानात परतावं लागलं. त्यानंतरच्या जेमिनी मोहिमांत काचेला आतून वाफ रोखणारं द्रावण लावण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्या द्रावणात मुख्य काम डिटर्जंटचं होतं. आज दुकानात मिळणारे बहुतेक वाफरोधक फवारे आणि पुसणी याच कुळातली आहेत. घरच्या साबणापेक्षा ती जास्त वेळ टिकतात एवढाच फरक. विकत घ्यायची असतील तर चष्म्याच्या भिंगावर चालतात असं लिहिलेलीच घ्या.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. अँटी-ग्लेअर कोटिंग केलेल्या भिंगावर वाफ धरत नाही असं पुष्कळजण समजतात. ते कोटिंग चकाकी कमी करतं, वाफ अडवत नाही. उलट, त्यावर पाणी झटकणारा जो वरचा थर असतो, त्यामुळे पावसाचे थेंब ओघळून जातात खरे, पण वाफेचे थेंब थेंबच राहतात, आणि साबणाचा थरही त्यावर कमी टिकतो. वाफ रोखणारं कोटिंग वेगळं मागून घ्यावं लागतं. नवा चष्मा करताना गाडी चालवतो हे दुकानदाराला सांगा आणि दोन्हींची किंमत व टिकाऊपणा विचारून ठरवा.

टूथपेस्ट चोळणं हा सर्रास सांगितला जाणारा उपाय टाळा. दातांवरचा थर काढण्यासाठी तिच्यात घासणारे कण असतात, आणि ते प्लास्टिकच्या भिंगावरचं कोटिंग खरवडतात. गरम पाणी आणि हातावर चोळायचा सॅनिटायझर यांनीही कोटिंग बिघडतं. शर्टाचं टोक किंवा ओढणीचा पदर कोरड्या, चिखल उडालेल्या भिंगावर फिरवू नका.

चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांना वाफेचा त्रास होत नाही. पण पावसाचं किंवा रस्त्यावरून उडालेलं पाणी लेन्सखाली अडकलं तर डोळ्याला गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. पावसात लेन्स लावायच्या असतील तर हेल्मेटची काच खाली असायलाच हवी, आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायला हवं.

हेल्मेटची काच

चष्मेवाल्याला दोन काचा सांभाळाव्या लागतात. चष्मा स्वच्छ राहिला तरी हेल्मेटची काच आतून धुरकटली की परिणाम तोच. साबणाचा उपाय तिलाही चालतो. याहून टिकाऊ म्हणजे पिनलॉक. काचेच्या आतल्या बाजूला ओलावा शोषणारी एक पातळ पारदर्शक पट्टी बसवतात आणि तिच्या कडेला सिलिकॉनची सील असते. दोन थरांमध्ये अडकलेली कोरडी हवा बाहेरची थंडी आत येऊ देत नाही, म्हणून आतला पृष्ठभाग दवबिंदूच्या खाली जात नाही. ही पट्टी प्रत्येक हेल्मेटला बसत नाही, काचेला दोन्ही कडांना त्यासाठीच्या पिना असाव्या लागतात. पिनलॉकने हेल्मेटची काच वाचते, चष्मा नाही. तरी तो असेल तर काच जास्त वेळ बंद ठेवता येते, आणि बाहेरचे थेंब चष्म्यापर्यंत पोचत नाहीत.

काळी किंवा निळसर काच पावसाळ्यात लावू नये. ढगाळ सकाळी आणि संध्याकाळी तिने उजेड आणखी कमी होतो, त्यात वाफेची भर पडली तर काहीच दिसत नाही. पारदर्शक काच ओरखडे पडल्यावर बदला. ओरखड्यांमध्ये पाणी अडकतं आणि रात्री समोरच्या दिव्याची किरणं फुटतात.

घाटात शिरण्याआधी

कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजला जाणारा रस्ता पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहा-सातशे मीटर चढतो. दर शंभर मीटरला तापमान सुमारे अर्धा ते पाऊण अंश उतरतं, म्हणजे माथ्यावर हवा तीन-चार अंशांनी गार असते. भिंग तेवढंच गार होतं आणि श्वासाशी त्याचा फरक तेवढाच वाढतो. सपाटीवर बिनत्रास चाललेला चष्मा घाटात अचानक दगा देतो, तो या कारणाने. शिवाय तिथे ढग असतो, आणि साबण लावा वा कोटिंग, ढगातलं दिसणं चष्म्याने सुधारत नाही.

म्हणून घाटाच्या पायथ्याला, टोकावड्याला किंवा कसाऱ्याला, एकदा थांबून तयारी करावी. हनुवटीचं भोक उघडा, रेनकोटची कॉलर सैल करा, रुमाल नाकावरून खाली घ्या, दोन्ही काचा पुसून घ्या. कोरडं सुती कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेवा. डिकीत ठेवलेलं कापड लागतं तेव्हा हाताशी येत नाही. ढग खाली उतरला असेल तर हेडलाइट लो-बीमवरच ठेवा, कारण हाय-बीम ढगावर आदळून डोळ्यांवर परत येतो.

चालत्या गाडीवर हातमोज्याच्या बोटाने चष्मा पुसायचा प्रयत्न कधी करू नका. चाळीसच्या वेगाला तीन सेकंदांत गाडी तेहतीस मीटर जाते, आणि तेवढा वेळ एक हात हँडलवर नसतो, डोळेही रस्त्यावर नसतात. वाफ धरू लागली की आधी काच वर करा आणि वेग कमी करा. दिसणं सुधारलं नाही तर इंडिकेटर द्या, आरशात पाहा, आणि डाव्या बाजूला रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर, टपरी, एसटी थांबा किंवा ढाब्याच्या आवारात गाडी घ्या. वळणावर किंवा दरडीखाली थांबू नका. मागच्या गाडीवाल्यालाही समोरचं तुमच्याइतकंच कमी दिसत असतं. चष्मा पुसून, काच पुसून, दोन मिनिटं भिंगांना हवा लागू द्या आणि मग निघा.

या सगळ्याला खर्च जवळजवळ नाही. घरातला साबण, मोकळी सोडलेली हनुवटी, वाकवून घेतलेल्या नाकाच्या गाद्या आणि खिशातलं कोरडं कापड एवढ्यावर बहुतेक दिवस निभावतात. उरलेल्या दिवसांसाठी फवारा किंवा पिनलॉक आहे. आणि ज्या सकाळी ढग इतका दाट असतो की हे सगळं करूनही पुढची गाडी दिसत नाही, त्या सकाळी उशिरा निघायचं. शाळेचा पहिला तास, पहिली पाळी, सहा-पन्नासची लोकल यांतलं काहीही चुकलं तरी दुसऱ्या दिवशी भरून काढता येतं. घरी वाट पाहणाऱ्यांना तुम्ही धडधाकट परत हवे असता, वेळेवर पोचलात की नाही हे ते नंतर विचारतील.